खूण ठेवायला पुण्याला

आमच्या घरातून पुण्याला गेलेला मी पहिला नव्हे. ताई लग्न होऊन चार वर्षांपूर्वीच तिकडे गेली. पण देवीची परीक्षा घ्यायला म्हणून गेलेला मी बहुधा साऱ्या गावातला पहिला असेन. परत आल्यावर कॉलेजातल्या मित्रांनी विचारलं, पुण्यात काय काय पाहिलंस, तेव्हा मी शनिवारवाडा म्हणालो. तो मी बसच्या खिडकीतून पाहिला होता. जे खरोखर पाहिलं ते सांगायला मला बरेच महिने लागले. लिहू का, असं ताईला फोनवर विचारलं. ती म्हणाली, "नावं घालू नको, बाकी खुशाल लिही. नाना जागांच्या जाहिरातींपलीकडं काही वाचत नाहीत."

नाना म्हणजे ताईच्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. सासरे वारलेले, त्यामुळे त्या घरात शब्द नानांचा. त्यांचा एक दिवस वडिलांना फोन आला. ताईच्या अंगात आमच्या गावची देवी येते, मंगळवारी आणि शुक्रवारी, हे आम्हाला उडत उडत कळलं होतं. नाना म्हणाले, "सहा महिने झाले, आम्ही पाया पडतोय. आता आम्हाला खूण पाहिजे. येत्या शुक्रवारी माहेरचा माणूस पाठवा. खरी निघाली तर दारात तिचं देऊळ बांधतो. खोटी निघाली तर लेक घेऊन जावा."

खूण मागणं ही काही नानांनी काढलेली गोष्ट नव्हे. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. अंगात आलं म्हणून जुनी माणसं लगेच विश्वास ठेवत नाहीत. तू कोण, कुठली, कशावरून, असं देवाला तोंडावर विचारतात. कुणी मुठीत काय आहे ते ओळखायला लावतं, कुणी घरातली एखादी गुप्त गोष्ट सांग म्हणतं. पटली तर देव, नाही पटली तर नुसतं वारं, म्हणजे बाहेरची बाधा.

माझे वडील परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावी गवंडीकाम करतात. घरात दहावीच्या पुढे गेलेला मी एकटा. तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. वडिलांनी फोन ठेवला. मग म्हणाले, "तू सायन्स शिकतोस. तूच जा. नानाला काय सांगायचं ते सांग, पण मला येऊन खरं काय ते सांग."

मला सायन्सने काय शिकवलं होतं? एवढंच, की कुणी काही म्हटलं तर विचारावं, कशावरून? हे मी देवाबद्दल पहिल्या वर्षापासून विचारू लागलो होतो, पण मनातल्या मनात. पेपराच्या दिवशी देवाला नमस्कार न करता घराबाहेर पडून पाहिलं. पास झालो. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "तुझ्या वाटचा मी केला होता." तेव्हा तो प्रयोग बाद झाला.

सोमवार, सदाशिव पेठ

आमच्या फिजिक्सच्या सरांनी एक पत्ता दिला होता. सदाशिव पेठेतले एक निवृत्त शिक्षक, सरांचे गुरू. बुवाबाजीचे कैक प्रकार त्यांनी उघडकीला आणले होते. सर म्हणाले, एक रात्र तिथे राहा आणि परीक्षा कशी घ्यायची ते नीट विचारून घे.

दारावर पाटी होती: 'घंटा एकदाच वाजवावी. हे देऊळ नव्हे.' मी इतका घाबरलो की एकदाही वाजवली नाही, नुसताच उभा राहिलो. शेवटी आतूनच दार उघडलं.

"किती वेळ उभे आहात?"

"पाच-सात मिनिटं."

"पाटी वाचलीत ना? एकदा वाजवायला परवानगी आहे."

हेच काका. त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, मला जेवायला वाढलं. आमटी गोड होती. आमच्याकडे वरणात गूळ पडला तर चुकून पडला असं समजतात. इथे तो मुद्दाम घातलेला होता, आणि दुसऱ्या वाटीला मला आवडलाही. पिवळ्या सुरळ्या होत्या, बेसनाच्या, वर खोबरं. त्या उलगडून खायच्या की तशाच, हे मला कळेना. काकू म्हणाल्या, "कशाही खा, पोटात गेल्यावर उलगडतातच."

काकांनी मला कागद-पेन घेऊन बसवलं. नाना खूण कशी घेणार आहेत, हे फोनवर कळलं होतं, ते मी सांगितलं: पाटावर तीन तांबे पालथे घालायचे, एकाखाली चिमूटभर कुंकू, देवीने ओळखायचं. काका म्हणाले, "तीन फार कमी आहेत. डोळे मिटून बोट दाखवलं तरी तिनात एकदा बरोबर येईल. दहा वेळा करायला सांगा."

"दहा वेळा करतील असं वाटत नाही."

"नाही करणार. मग निदान मधल्याखाली ठेवू नका. माणसं मधला उचलतात." मग त्यांनी विचारलं, "आणि खोटं ठरलं तर मुलीचं काय?"

"घरी घेऊन जायचं म्हणतात."

काकांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "मी आजवर बरेच बुवा पकडले. बुवा सोपा असतो, त्याला पैसे हवे असतात. बायकांच्या अंगात येतं तिथे मात्र मी पुरावा मागण्याआधी घर बघतो." मी हे वाक्य वहीत लिहून घेतलं, पण तेव्हा ते मला नीट कळलं नव्हतं.

सकाळी ते काकूंच्या पूजेसाठी फुलं आणायला निघाले तेव्हा मीही बरोबर गेलो. धीर करून विचारलं, आपण देव मानत नाही, मग फुलं? काका म्हणाले, "ती मागते म्हणून आणतो. फुलवाल्याने आजपर्यंत पुरावा मागितलेला नाही."

मंगळवार, हिंजवडीच्या पुढे

महापालिकेच्या, म्हणजे मनपाच्या, थांब्यावरून हिंजवडीची बस मिळाली. तिथून पुढे ताईच्या सासरच्या वाडीला जाणारी दुसरी बस घ्यायची होती. चौकात एक पांढरी बस थांबली, लोक रांगेने चढले, मीही चढलो. आत थंडगार. सगळे गळ्यात कार्ड अडकवून झोपलेले. तिकीट कुणी मागेना. मी सुटे पैसे मुठीत धरून बसलो. बस एका मोठ्या फाटकातून आत गेली आणि सगळे उतरून काचेच्या इमारतीत नाहीसे झाले, तेव्हा मला कळलं की ही कंपनीची बस होती.

फाटकावरच्या वॉचमनने विचारलं, "कार्ड?"

"तिकीट घ्यायचं राहिलं. किती झाले?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "कुठला रं तू?"

"परभणीचा."

"मी बीडचा." एवढ्यावर तो हसला. "वाडी मागं राहिली. ह्या भिंतीच्या कडंकडंनं जा. भिंत संपली की ज्वारी लागंल, ज्वारीच्या पलीकडं वाडी."

अर्धा तास चालल्यावर ती भिंत संपली. आणि खरंच ज्वारी लागली, हुरड्यावर आलेली, आमच्याकडच्यासारखीच. तिच्या मधोमध पाटी होती, 'जागा विकणे नाही.' आमच्या गावात असली पाटी लावायची वेळ कुणावर आलेली नाही.

ताईचं घर चार मजली निघालं. खालच्या मजल्यावर गाड्या लावायच्या जागेत दोन म्हशी बांधलेल्या, शेजारी पांढरी मोठी गाडी, आणि म्हशी गाडीच्या आरशात बघत असलेल्या. वरचे तीन मजले कंपन्यांतल्या पोरापोरींना भाड्याने दिलेले. पायऱ्यांवर बऱ्याच चपला होत्या. दारात ताईच्या सासूबाई उभ्या होत्या. ताई त्यांना आत्याबाई म्हणते. उंच, कोरड्या चेहऱ्याच्या. लग्नात त्यांनी आईला सुनावलेलं मला आठवत होतं.

"आलं व्हय पाव्हणं. पाय धुवा. आई बसलीय."

मला वाटलं, त्यांची आई. मग कळलं, देवी.

देवघराच्या खोलीत ताई पाटावर बसली होती. केस सोडलेले, कपाळभर मळवट. ती पुढे-मागे झुलत होती आणि तोंडाने बारीक आवाज काढत होती, दळताना बाया काढतात तसा. माझ्या ताईचा चेहरा मी ओळखतो. तो तोच होता, पण घरात कुणी नसल्यावर घराचं दार दिसतं तसा. तिने माझ्याकडे पाहिलं. मी कोण हे कळल्याचं काही दिसलं नाही. वहीत लिहायचं म्हणून मी वेळ, श्वास, हाताची हालचाल सगळं बघायचं ठरवून गेलो होतो. त्यातलं काही जमलं नाही.

दहाबारा माणसं होती. वरच्या मजल्यावरची एक मुलगी पुढे आली, पँट-शर्टातली, कुठल्यातरी दुसऱ्या राज्यातली. तिने हिंदीत विचारलं, मला कंपनी परदेशी पाठवेल का? देवी काहीतरी पुटपुटली. आत्याबाईंनी कान जवळ नेला आणि सांगितलं, "आई म्हणते, जाशील. लेकिन दो महिना रुको. और बाथरूम का पानी बंद करना सीखो." मुलगी वाकून नमस्कार करून गेली.

तेव्हा माझ्या एक गोष्ट लक्षात आली. देवी काय बोलते ते मला एका शब्दानेही कळलं नव्हतं. कुणालाच कळत नव्हतं. सांगत होत्या त्या आत्याबाई.

तासाभराने ताई भिंतीला टेकून बसली. डोळे उघडून म्हणाली, "रव्या, कवा आलास? जेवलास का न्हाई?"

मधले दोन दिवस

मधले दोन दिवस नानांनी मला सोडलं नाही. गाडीत घालून त्यांनी मला गावची सगळी जमीन दाखवली, म्हणजे जिथे ती होती ती जागा. "हितं आमचा ऊस व्हता," म्हणून एका काचेच्या इमारतीकडे बोट दाखवत. "हितं विहीर व्हती," म्हणून एका हॉटेलाकडे. आवाजात दुःखही नव्हतं आणि अभिमानही नव्हता. दुपार झाली की मात्र त्यांना चैन पडेना.

त्यांनीच मग मला सगळं सांगितलं. जमीन गेल्यापासून घरातल्या पुरुषांना काम नाही. संध्याकाळी बाटली उघडायची. नाना, दाजी म्हणजे ताईचा नवरा, आणि येतील ते पाव्हणे. बायकांनी रात्रीपर्यंत रस्सा-भाकऱ्या करायच्या, मग आरडाओरडा, भांडी. सहा महिन्यांपूर्वी देवी आली आणि म्हणाली, मंगळवार-शुक्रवार ह्या घरात बाटली नको.

"ते आम्ही पाळलं," नाना म्हणाले. "देवीचं हाय, पाळायला पाहिजे. पण मागच्या महिन्यात म्हणती, सातीही दिवस नको."

दोन दिवसांची देवी नानांना खरी वाटत होती. सात दिवसांची झाल्यावर त्यांना शंका आली.

"तुम्ही शिकलेले. तुमचा तरी इस्वास हाय का ह्याच्यावर?"

"मला अजून ठरवता आलेलं नाही."

"मग आपण दोघं एका गाडीत बसलोय," नाना म्हणाले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला दिवसभर जाणवत होती. पुरावा मागणारा माणूस मला नेहमी काकांसारखा वाटत आला होता, पुस्तकांच्या कपाटासमोर बसलेला. तो असाही असू शकतो, हे मी कधी धरलं नव्हतं.

दाजींनाही विचारून पाहिलं. ते शांत स्वभावाचे, प्यायल्यावर काय होतं ते मी पाहिलेलं नाही. म्हणाले, "मला नका बुवा विचारू. दोन दिवस झोप चांगली लागती, एवढं खरं."

गुरुवारी ताई एकटी सापडली. ती गच्चीवर भाडेकऱ्यांच्या चादरी वाळत घालत होती. मी चादरीचं दुसरं टोक धरलं आणि दोन दिवस जे मनात घोळत होतं ते बोलून टाकलं.

"ताई, खूण मीच ठेवणार आहे. माहेरची देवी, म्हणून माहेरच्या माणसाने ठेवायची, असं नाना म्हणतात. कुठल्या तांब्याखाली ते मी तुला आधी सांगतो. म्हणजे प्रश्नच मिटला."

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा मान खाली घालेल. ती चिडली.

"तुला मी खोटी वाटती का?"

"तसं नाही."

"मग कसं? मी सोंग करत असते तर तू यायच्या आधीच काहीतरी जुळवलं असतं." तिने चादर झटकून ताणली. "मला कायबी आठवत नाही, रव्या. दिवा लागतो, उदाचा वास येतो, आणि मग भिंतीला टेकलेली असते. मधलं कुठं जातं मला ठाऊक नाही. लोक पाया पडतात, म्हणजे कुणीतरी येत असंल. पण खरंच येती का, हे मलाबी बघायचंय. नानाला नसंल एवढं मला बघायचंय."

"आणि चुकली तर?"

"तर घरी येईन तुझ्यासोबत. दोन घास जास्तीचे लागतील." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आधी सांगू नको. पण नंतर मला खरं सांगायचं. नानाला काहीबी सांग. मला खरं."

मी हो म्हणालो. देवाबद्दल एवढा प्रामाणिक प्रश्न मी कधी विचारला नव्हता. माझा प्रश्न चुकला असता तर माझं काही जाणार नव्हतं.

शुक्रवार

दिवेलागणीला सगळे जमले. भावकीतली पंधरा-वीस माणसं, भिंतीला टेकून. नानांनी घासून लख्ख केलेले तीन तांबे माझ्या हातात दिले आणि सगळ्यांना बाहेर काढून दार लावलं. आत मी एकटा, पाट आणि देवघर.

कुंकवाची चिमूट घेतली. काकांचं ऐकायचं ठरवलं होतं, मधल्याखाली नाही. मनात आलं, तिला मधलाच उचलावासा वाटला तर? मग मधल्याखालीच ठेवावं. पण तिने सांगितलं होतं, मला बघायचंय. मदत केली तर तिला काहीच दिसणार नव्हतं. मी खिडकीकडच्या तांब्याखाली चिमूट ठेवली, तिन्ही तांबे सारखे केले, आणि बाहेर निघताना सवयीने माझे हात जोडले गेले. कशासाठी ते मला सांगता येणार नाही.

ताईला आणून बसवलं. आत्याबाईंनी तिच्या कपाळाला मळवट भरला. उद घातला. थोड्या वेळाने ताई झुलायला लागली, तोच दळणाचा आवाज. नाना पुढे सरकून म्हणाले, "आई, तू हाईस तर खूण दाव. तुझ्या माहेरच्या माणसानं ठेवलीय. वळख."

खोलीत कुणी हलेना. ताईचा हात वर गेला, बराच वेळ हवेत राहिला, आणि मधल्या तांब्यावर टेकला.

मी खाली बघितलं. फरशीवर एक मुंगी चालली होती, तिच्याकडे बघत राहिलो. काका बरोबर होते. तिनात एकदा येणारं तेही आलं नाही.

रीतीप्रमाणे तांबा उचलायचा तो घरच्या थोरल्या बाईने. आत्याबाई पुढे झाल्या. त्यांनी तांबा पूर्ण उचलला नाही. स्वतःच्या बाजूने जरासा कलता केला, खाली बोट घातलं आणि बोट बाहेर काढलं. बोट लाल होतं. मळवट भरला तेच बोट. त्यांनी ते ताईच्या कपाळाला टेकवलं आणि सगळ्यांसमोर, सुनेच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आई गं," कुणीतरी म्हणालं. बाया पुढे सरकल्या. नानाही सरकले. "बघू, तांबा बघू."

"काय बघताय?" आत्याबाई न उठता म्हणाल्या. "माझं बोट दिसंना का तुम्हास्नी?"

नानांचा हात तांब्याकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. हात लावला असता तर सगळं तिथेच उघडं पडलं असतं. पण शंका असलेल्या माणसालाही भीती असते. ते माझ्याकडे वळले.

"काय ओ पाव्हणं? तिथंच ठेवलेलं?"

सगळे माझ्याकडे बघत होते, एक आत्याबाई सोडून. त्यांचं डोकं अजून ताईच्या पायांवर होतं. त्यांनी मान वळवली नाही, मला काही खुणावलं नाही. मी वडिलांचा विचार केला, काकांचा केला, वहीतल्या त्या वाक्याचा केला. आणि मान हलवली. हो.

 नानांनी टोपी काढली आणि त्यांनीही नमस्कार केला.

आत्याबाईंनी उठून तिन्ही तांबे पदरात घेतले आणि धुवायला नेले.

जेवायला पुरणाच्या पोळ्या होत्या. आत्याबाईंनी माझ्या पानात न विचारता तीन पोळ्या आणि त्यावर तूप वाढलं. म्हणाल्या, "खावा. वाळलाय नुसतं." नंतर वाकून, तुपाची वाटी ठेवता ठेवता, "उद्या लवकर निघा. ऊन हुतं." बस्स. माझ्याशी त्या एवढंच बोलल्या.

शनिवारी सकाळी

ताई मला बसथांब्यापर्यंत सोडायला आली. कंपन्यांच्या गाड्या एकामागून एक जात होत्या, धुळीने आम्हा दोघांचेही केस पांढरे झाले. ती वाट बघत होती.

"सांग," ती म्हणाली.

मला खोटं बोलता आलं असतं. काल बोललोच होतो. जिला खरं ऐकायचं होतं अशी ती एकटीच होती, म्हणून बोलता आलं नाही.

"खिडकीकडच्या तांब्याखाली."

"मी कुठला दाखवला?"

"मधला."

ती रस्त्याकडे बघत राहिली. एक बस येऊन गेली. ती माझीच होती, पण मी हात केला नाही.

"मग आत्याबाईंच्या बोटाला?"

"मळवटाचं कुंकू होतं ते."

"म्हणजे आत्याबाईंना ठाऊक हाय."

"हो."

ताईने पदराने तोंड पुसलं. रडत नव्हती, धूळ पुसत होती. मग म्हणाली, "ठाऊक असून माझ्या पाया पडल्या."

 पुढची बस आली तेव्हा तिने मला पाठीवर हात ठेवून आत लोटलं आणि म्हणाली, "आईला म्हणावं, भाकरीचं पीठ इथं चांगलं मिळत नाही. कुणी येत असंल तर पाठव."

गावी पोचलो तर वडील पारावर बसलेले. घरी यायच्या आधीच त्यांनी गाठलं. मी सगळं सांगितलं, माझ्या मान हलवण्यासकट.  ते म्हणाले, "बाटली बंद झाली?"

"घरातली झाली. नाना आता रस्त्यावरच्या हॉटेलात जातील म्हणे."

"मग राहू दे तिकडंच." मी पुण्याहून काय सिद्ध करून आलो, हे त्यांनी विचारलं नाही. देव आहे की नाही, हा माझा प्रश्न जाताना होता तिथेच आहे. काकांना मेसेज केला, त्यांचं मधल्या तांब्याचं म्हणणं खरं निघालं म्हणून. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: 'बरोबर ठरल्याचा आनंद झाला नाही. काकू विचारते, मुलगी बरी आहे का?'

ते उत्तर द्यायचं म्हणून मी पुढच्या बुधवारी ताईला फोन केला.

"मंगळवारी काय झालं?"

"कायबी नाही," ताई म्हणाली. "अंघोळ केली, केस सोडले, दिवा लावला. बसले. काही येईना. मी आत्याबाईंना म्हटलं, मला ठाऊक झालंय सगळं, मी नुसती बसू शकत नाही. त्या उठल्या आणि बाहेर जाऊन म्हणाल्या, आई बसलीय, कुणी आवाज करायचा नाही. आत येऊन कडी लावली. पदरात मटार होते. दोघींनी बसून सोलले."

"आणि नाना?"

"दोनदा खोकले बाहेर. आत न्हाई आले."

"मग लोकांनी देवीला काही विचारलं नाही का?"

"लोकांनी न्हाई, आत्याबाईंनी विचारलं. म्हणाल्या, सहा महिने झाले, जो तो येऊन तुझ्यापुढं आपलं मागतोय. तुला काय पाहिजे?" ताई पुढे म्हणाली, "चार वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, रव्या. मला एकदम काही सुचंना. म्हटलं, शुक्रवारी सांगते."